कवीचा रकाना

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग यांनी कलकत्त्याच्या एका हॉटेलात गौहरजान यांचे गाणे मेणाच्या तबकडीवर उतरवून घेतले. तीन मिनिटांच्या आत गाणे आटोपायचे ही तंत्राची अट होती. ती पाळून झाल्यावर बाईंनी त्याच दमात, इंग्रजीतून, स्वतःचे नाव उच्चारले. आज ते ऐकताना आपल्याला त्यात मानिनीचा ठसका ऐकू येतो आणि तो असेलही. पण मूळ कारण रोकडे होते. या तबकड्या छापल्या जाणार होत्या जर्मनीत, हानोव्हरला. तिथल्या कारागिराला ना भाषा ठाऊक, ना राग, ना गाणारी. कोणती तबकडी कोणाची हे त्याला कळावे म्हणून नाव ध्वनीच्या पोटातच ठेवून दिले गेले. हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रणाबरोबरच त्याच्या नोंदीचा प्रश्नही जन्माला आला तो असा.

हा प्रश्न आज उकरून काढण्याचे निमित्त अगदी किरकोळ वाटेल. संगणकावर गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेली वीसपंचवीस वर्षे एक सोय आहे: आपण चार अटी घालायच्या किंवा एखादे गाणे दाखवायचे, आणि यंत्राने आपल्या संग्रहातून गाण्यांची यादी आपोआप करून द्यायची. प्लेलिस्ट हा शब्द आता मराठीत रुळला आहे, तेव्हा तोच वापरतो. या आपोआप होणाऱ्या प्लेलिस्टबद्दल मराठी ऐकणाऱ्यांची एक कायमची तक्रार असते, की यंत्राला आपली आवड कळत नाही. मला ही तक्रार चुकीच्या पत्त्यावर गेलेली वाटते. यंत्राला आवड कळण्याचा प्रश्नच नसतो. त्याला रकाने वाचता येतात. ज्या गोष्टीला रकाना नाही ती त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. आणि मराठी गाण्याच्या बाबतीत जो रकाना सर्वांत आधी गहाळ झाला तो कवीचा. साहित्याच्या विद्यार्थ्याने या प्रकरणात लक्ष घालावे ते एवढ्याचसाठी.

आपल्याकडे गाण्याची नोंद ठेवण्याची परंपरा नव्हती असे मात्र नाही. १८८२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत सौभद्र’सारख्या नाटकांच्या छापील प्रती उघडून पाहाव्यात. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ अशी नोंद असते: हे पद कोणत्या प्रसिद्ध गाण्याच्या वळणावर म्हणायचे. पुढे पुढे रागाचे आणि तालाचे नाव येऊ लागले. म्हणजे कर्ता नाटककार, चाल अमुक पदाची, राग तमुक, ताल हा. एका पदाला चार बाजूंनी पकडणारी ही नोंद आहे. भा. रा. तांबे यांच्या संग्रहातही अनेक कवितांसोबत जाती, राग, लेखनाचे ठिकाण, वर्ष असे तपशील छापलेले आढळतात. तांबे १९४१ साली ग्वाल्हेरला वारले. त्यांच्या कविता वसंत प्रभू आणि हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालींवर लता मंगेशकर यांच्या आवाजात घरोघर पोचल्या त्या नंतर. कवीने मनाशी धरलेला राग आणि संगीतकाराने योजलेला राग यांत पुष्कळदा अंतर पडते, आणि त्या अंतराचा अभ्यास व्हायला हवा. पण त्यासाठी आधी दोन्ही नोंदी शेजारीशेजारी असाव्या लागतात.

तबकडीच्या लेबलाने ही वीण पहिल्यांदा उसवली. दोन-तीन इंचांच्या गोल कागदावर जागा ती किती! कंपनीला विकायचा होता आवाज, म्हणून गायकाचे नाव ठळक. नाटकाचे किंवा चित्रपटाचे नाव त्याखालोखाल. १९३० च्या दशकात जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ गायिली आणि मराठी भावगीत म्हणून ज्याला आपण ओळखतो त्या प्रकाराला वाट मिळाली. कविता हाच त्या प्रकाराचा गाभा. तरी श्रोत्याच्या तोंडी ते गाणे राहिले ते ‘जोश्यांचे’. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. लेबल वाचून दुकानात रेकॉर्ड मागायची तर गायकाचे नाव पुरे होई.

कधी कधी गायकाच्या नावाचीही तीच गत होई. १९४९ च्या ‘महल’ची गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या चित्रपटातल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होते ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे. गाणारी कोण अशी विचारणा करणारी पत्रे रेडिओकडे येऊ लागली तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांना कळले. एका लेबलावरची एक ओळ बदलल्याने काय होते याचे याहून मोठे उदाहरण हिंदी चित्रपटसंगीतात नसेल.

रेडिओने मात्र ही वीण बरीचशी पुन्हा सांधली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेल्या विविध भारतीवर निवेदक चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार अशी नावे सांगत, आणि अर्धशिक्षित घरातही ‘शब्द साहिरचे’ हे ठाऊक असे ते या निवेदनांमुळे. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताच्या प्रसारणात रागांच्या वेळा पाळल्या जात: सकाळच्या सभेत मारवा लागायचा नाही. रेडिओ सिलोनवर सकाळच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाचे शेवटचे गाणे सैगलचेच असे, आणि त्या गाण्यावर लोक घड्याळे लावत. नीट पाहिले तर या सगळ्या प्लेलिस्टच आहेत, आणि त्याही नियमांनी बांधलेल्या. फरक इतकाच, की नियम राबवणाऱ्या माणसाच्या डोक्यात संग्रहाची पूर्ण नोंद होती. मैफलीचा शेवट भैरवीने करावा हा नियम पाळायला गवयाला कोणत्या रकान्याची गरज पडते?

आता संगणकाकडे येऊ. संगीताची सीडी बाजारात आली तेव्हा बहुतेक तबकड्यांत नुसते आवाजाचे आकडे असत; गाण्याचे नाव तिच्यात कोठेच नोंदलेले नसे. १९९० च्या दशकात टी कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीडीडीबी नावाचा कोश उभा केला. तबकडीवर किती गाणी आहेत आणि प्रत्येकाची लांबी किती, यांवरून एक क्रमांक काढायचा आणि त्या क्रमांकाखाली कोणा ना कोणा स्वयंसेवकाने हाताने टंकलेली नावे उतरवून घ्यायची, अशी ही योजना. कल्पना झकास होती. पण या कोशात संगीताचे वर्गीकरण अकरा कप्प्यांत होते: ब्लूज, क्लासिकल, कंट्री, डेटा, फोक, जॅझ, न्यू एज, रेगे, रॉक, साउंडट्रॅक आणि ‘किरकोळ’. भीमसेन जोशींची अभंगवाणी यांतल्या कशात घालायची? टंकणारा भाविक असेल तर फोक, घाईत असेल तर किरकोळ. मग संग्रहातल्या अर्ध्या अभंगांना एक कप्पा, अर्ध्यांना दुसरा, आणि पुढे यंत्राने कप्प्यावरून यादी करायची म्हटले की तुकोबा दोन ठिकाणी वाटले जाणार.

एमपीथ्री फाईलचे (शुद्धिवादी जिला धारिका म्हणतात) दुखणे आणखी खोल होते. १९९६ साली एरिक केम्प यांनी फाईलच्या शेपटाला माहितीची एक चिठ्ठी जोडण्याची युक्ती काढली. तिचे नाव आयडीथ्री. चिठ्ठीची लांबी नेमकी १२८ बाइट. त्यांत ‘टॅग’ ही तीन अक्षरे, मग गाण्याच्या नावाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि संगीतप्रकाराला १. संगीतकार नाही, कवी नाही. राग नाही हे सांगायलाच नको.

त्या शेवटच्या एका बाइटाची कथा मोठी मनोरंजक आहे. एका बाइटात मावेल तो एक आकडा, आणि प्रत्येक आकड्यासाठी एक ठरलेला प्रकार. मूळ यादीत ८० प्रकार होते, शून्यापासून एकोणऐंशीपर्यंत. त्यांत ग्रंजला स्वतंत्र आकडा आहे, पोल्काला आहे, ‘ख्रिश्चन रॅप’ला आहे, ‘प्रँक्स’लाही आहे. अवघ्या भारतीय उपखंडाच्या वाट्याला फार तर अठ्ठेचाळीसावा ‘एथ्निक’ यायचा. आणि यादीतला शून्य क्रमांकाचा प्रकार आहे ब्लूज. परिणाम असा, की ज्या फाईलमध्ये कोणी प्रकार भरलाच नाही आणि तो बाइट शून्यच राहिला, ती फाईल वाजवणाऱ्या यंत्राला ब्लूज म्हणून दिसे. माझ्या संग्रहात एके काळी माणिक वर्मा आणि गजाननराव वाटवे हे दोघेही ब्लूज गात होते. मिसिसिपीच्या कापूसमळ्यांतले दुःख आणि आपल्या भावगीतांतले कारुण्य यांचे काही नाते असेलच, तर ते या शून्याने शोधून काढलेले नव्हते.

कलाकाराच्या ३० बाइटांचाही हिशेब करून पाहावा. ही चिठ्ठी रोमन अक्षरांसाठी होती. तेथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. देवनागरी आज ज्या यूटीएफ-८ पद्धतीने साठवतात तीत प्रत्येक अक्षरचिन्हाला, मात्रा-वेलांट्यांनाही, तीन तीन बाइट लागतात. ‘भीमसेन’ची सहा चिन्हे, ‘जोशी’ची चार, म्हणजे ३० बाइट, आणि मधल्या मोकळ्या जागेचा एक. एकूण ३१. म्हणजे देवनागरीत भरू गेलो असतो तर भीमसेन जोशी त्या रकान्यात एका बाइटाने मावले नसते. शेवटची वेलांटी तुटली असती. ‘पंडित’ जोडण्याचा तर प्रश्नच नव्हता. १९९८ साली या चिठ्ठीची दुसरी पिढी आली. तिने लांबीचे बंधन काढले, युनिकोडला दार उघडले, संगीतकाराला स्वतंत्र रकाना दिला आणि, लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट, गीतलेखकालाही दिला. कवी परत आला होता. पण कागदावर.

जुलै २००२ मध्ये अ‍ॅपलच्या आयट्यून्सची तिसरी आवृत्ती निघाली आणि तिच्यात ‘स्मार्ट प्लेलिस्ट’ अवतरली. गाण्याला एक ते पाच तारे द्यायचे. ते किती वेळा वाजले, शेवटचे कधी वाजले याची नोंद यंत्राने ठेवायची. आणि मग अट घालायची, की चार किंवा अधिक तारे असलेली, पण गेल्या नव्वद दिवसांत न वाजलेली पंचवीस गाणी दे. यादी रोज आपोआप ताजी होत राहते. एवढी साधी आणि इतकी उपयुक्त कल्पना संगीत-सॉफ्टवेअरच्या इतिहासात क्वचितच सापडेल. मॅक संगणकावरचे आयट्यून्स २०१९ साली निवृत्त झाले. त्याच्या जागी आलेल्या सॉफ्टवेअरमध्येही ही सोय टिकून आहे.

पण अट घालायची ती रकान्यांवर, आणि आयट्यून्सने दाखवलेल्या रकान्यांत संगीतकार होता, गीतलेखक नव्हता. फाईलच्या चिठ्ठीत त्याची जागा होती, खिडकीत नव्हती. २००५ च्या आवृत्तीत गाण्याचे शब्द साठवण्याची सोय झाली. शब्द ठेवायला जागा आली, पण ते शब्द कोणाचे हे सांगायला आली नाही! यात पूर्व-पश्चिम असा वाद आणण्याचे कारण नाही. शूबर्टची ‘विंटररायझे’ ही गीतमाला ज्याच्या कवितांवर उभी आहे तो विल्हेल्म म्यूलर त्याच खिडकीत तितकाच अदृश्य होता. मात्र पाश्चात्त्य श्रोत्याला संगीतकाराच्या नावाने यादी करून निभावता येते. ज्याला आज फक्त बोरकर ऐकायचे आहेत किंवा फक्त शांता शेळके, त्याला ‘संगीतकार: हृदयनाथ’ अशी अट घालून काय मिळणार? आरती प्रभू, ग्रेस, सुरेश भट, तांबे असे चार भिन्न प्रकृतींचे कवी एका चाळणीतून एकत्र पडणार.

तारे आणि मोजदाद यांतही गोम आहेच. आयट्यून्स गाणे वाजल्याची नोंद करी ती ते शेवटपर्यंत पोचले तर. तीन मिनिटांचे भावगीत दिवसातून चारदा पोचते. पंचावन्न मिनिटांचा ख्याल चाळिसाव्या मिनिटाला दारावरची घंटा वाजल्याने बंद केला, की यंत्राच्या लेखी तो वाजलाच नाही. वर्षभराने ‘सर्वाधिक वाजलेली’ यादी काढावी तर मल्लिकार्जुन मन्सूर तिच्यात औषधालाही नसतात, आणि आपण त्यांना सोडून दिले की काय अशी उगाच टोचणी लागते. लास्ट एफएमचा नियम वेगळा होता. रिचर्ड जोन्स यांनी २००२ साली साउथॅम्प्टन विद्यापीठात विद्यार्थी असताना त्याचे बीज टाकले. तेथे गाणे अर्धे वाजले किंवा चार मिनिटे झाली, यांतले जे आधी घडेल तेव्हा नोंद होते. चार मिनिटांत ख्यालाचा गायक नुकता कोठे सम दाखवून स्थिरावत असतो. एका नियमाने ख्याल मोजलाच जात नाही, दुसऱ्याने तो ऐकण्याआधीच मोजला जातो. यांतल्या दुसऱ्या अन्यायाला मी कमी अन्याय म्हणेन.

लास्ट एफएमच्या मागची कल्पना त्याहून जुनी. १९९४ साली एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये उपेंद्र शार्दानंद आणि पॅटी मेस यांनी ‘रिंगो’ नावाचा प्रयोग केला. लोकांनी ई-मेलने कलाकारांना एक ते सात गुण कळवायचे, आणि यंत्राने समान गुण देणाऱ्यांची सांगड घालून एकाची आवड दुसऱ्याला सुचवायची. गाण्याविषयी यंत्राला काहीही कळण्याची गरज नाही. शेजाऱ्याने काय ऐकले एवढे पुरे. सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या आयट्यून्सच्या ‘जीनियस’ने हेच सूत्र अवाढव्य प्रमाणावर राबवले. ज्या गाण्याची पुरेशी माहिती त्याच्याकडे जमलेली नसे त्याच्यापुढे तो सरळ हात वर करी, आणि मराठी संग्रहात असे प्रसंग फार येत. याउलट २००० साली सुरू झालेला ‘म्यूझिक जीनोम प्रकल्प’, ज्यातून पुढे पँडोरा निघाले. तेथे प्रशिक्षित संगीतज्ञ एकेक गाणे ऐकून शेकडो लक्षणांवर त्याचे विश्लेषण करीत. ही खरी समीक्षकाची रीत! परवान्यांच्या अडचणींमुळे २००७ साली पँडोराने अमेरिकेबाहेरच्या बहुतेक श्रोत्यांना दार लावून घेतले आणि आपली त्याच्याशी ओळख व्हायची राहूनच गेली.

‘शफल’बद्दल एकच सांगतो. पत्ते पिसावेत तशी यादी पिसण्याची निर्दोष रीत फिशर आणि येट्स यांनी १९३८ सालीच लिहून ठेवली होती. पण खऱ्या यदृच्छेत एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ येतातच, आणि लोकांना ती यदृच्छा वाटत नाही. म्हणून २००५ मध्ये आयट्यून्सने ही पुनरावृत्ती कमीजास्त करण्याची कळ दिली. गीतरामायणापुढे मात्र ही सगळी हुशारी फजीत होते. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक या गतीने प्रसारित झालेली ती छप्पन्न गीते क्रमानेच ऐकायची आहेत. पिसली, तर रामाच्या जन्माआधी सीतेचा त्याग होतो. अशा संग्रहाला पिसण्यातून वगळण्याची खूण गाण्याच्या माहितीच्या खिडकीतच असते. ती करून टाकावी.

या सगळ्यावर उपाय सापडतो तो एका ग्रंथपालाकडे. शि. रा. रंगनाथन यांची कोलन वर्गीकरणपद्धती १९३३ साली मद्रासहून प्रसिद्ध झाली. एका पुस्तकाला एकच कप्पा, ही पाश्चात्त्य पद्धतींची सवय त्यांनी मोडली. विषयाला अनेक पैलू असतात. प्रत्येक पैलू सुटा नोंदवावा आणि मग ते हवे तसे जोडावेत, हे त्यांचे म्हणणे. आयडीथ्रीचा तो एक बाइट म्हणजे एक कप्पा. स्मार्ट प्लेलिस्टच्या जोडता येणाऱ्या अटी म्हणजे रंगनाथनांचे पैलू. आणि मराठी-हिंदी गाण्यांच्या हौशी अभ्यासकांनी हे कोणी न शिकवता केले. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ पाहा, किंवा परदेशस्थ भारतीयांनी आयट्रान्स लिपीत जमवलेला गीतसंग्रह: चित्रपट, वर्ष, गायक, संगीतकार, गीतकार हे सगळे रकाने तेथे आहेत. मराठीत ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर गीतकार, संगीत, स्वर यांच्या जोडीला राग आणि गीतप्रकारही आहे, आणि प्रकारांत नाट्यगीत, भावगीत, लावणी, अभंग अशी आपलीच नावे. जुन्या नाटकाच्या पुस्तकातली ‘चाल-राग-ताल’ ही ओळ इथे पुन्हा भेटते.

मी माझ्या संग्रहाची डागडुजी केली ती याच धोरणाने, आणि तिच्यात दोन पावसाळे गेले. ज्या सॉफ्टवेअरमध्ये गीतलेखकाचा रकाना दिसत नाही त्यात ‘शेरा’ हा रकाना कवीसाठी आणि ‘गट’ हा रागासाठी राखून ठेवला. रागापुढे प्रहराची खूण. अल्बमच्या जागी कॅसेट कंपनीने छापलेले ‘सुवर्णगीते भाग ३’ असले नाव न ठेवता मूळ नाटकाचे, चित्रपटाचे नाव. फ्लॅक आणि ऑग या प्रकारांच्या फाईलींत हवे ते नवे रकाने पाडता येतात, आणि फूबार २००० सारखे सॉफ्टवेअर त्यांवर अट घालू देते. गंमत अशी, की तेथे रकान्यातला मजकूर देवनागरीत चालतो, पण रकान्याचे नाव रोमनच असावे लागते. कवी देवनागरीत, त्याच्या दारावरची पाटी रोमनमध्ये.

नावांच्या एकरूपतेवर फार वेळ गेला. गदिमा, ग. दि. माडगूळकर आणि रोमनमधली त्यांची तीन रूपे हे यंत्राला पाच इसम. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर यांना एक करावे का, हा तर समीक्षेचा प्रश्न आहे. मी केले नाही. चित्रपटासाठी संगीत देताना लताबाईंनी घेतलेले ‘आनंदघन’ हे नावही तसेच ठेवले, कारण भालजींच्या ‘साधी माणसं’च्या श्रेयनामावलीत तेच आहे. शोधताना ‘समाविष्ट’ ही अट सोयीची, पण जपून वापरावी. ‘चाफा’ लिहिणाऱ्या बी कवींची गाणी मागितली तर ‘बी’ हे अक्षर पोटात असलेले कबीरही हजर झाले, आणि वसंत प्रभूंच्या चालीमागोमाग कुमारांचे निर्गुणी भजन सुरू झाले. ही एक चूक मी महिनाभर दुरुस्त केली नव्हती.

एवढे झाल्यावर मात्र यंत्र शहाण्यासारखे वागू लागले. कवी तांबे, गायक कोणीही, गेल्या सहा महिन्यांत न ऐकलेले. किंवा सायंकाळचा राग, वीस मिनिटांहून लांब, आणि मोजदादीची अट मुळीच नाही. लांबीची अट घातली की ख्याल आणि भावगीत एकमेकांच्या पायांत येत नाहीत. वाजल्याच्या संख्येपेक्षा शेवटचे वाजल्याची तारीख हा निकष कितीतरी बरा: संख्या आपल्या सवयी गिरवत बसते, तारीख विसरलेले वर आणते. ताऱ्यांचा हात आखडता ठेवावा. सगळ्यालाच पाच तारे देणारा श्रोता आणि काहीच न देणारा, दोघे यंत्राला सारखेच मुके.

आता बहुतेकांचे ऐकणे भाड्याच्या संग्रहातून होते. स्पॉटिफाय भारतात आले फेब्रुवारी २०१९ मध्ये. गीतलेखकांची नावे दाखवण्याची सोय त्यांनी २०१८ पासून केली आहे. मात्र कंपनीने जे पुरवले तेच दिसणार, आणि ऐकणाऱ्याला ती चिठ्ठी दुरुस्त करता येत नाही. चुकीच्या कवीच्या नावावर गेलेली कविता तिथे तशीच वाजत राहते. मराठीच्या अध्यापकांना माझे सुचवणे आहे, की पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यांकडून एकेका कवीच्या गायिल्या गेलेल्या कवितांची सूची करून घ्यावी: छापील पाठ, गायिलेला पाठ, गाळलेली कडवी, कवीने दिलेला राग, चालीचा राग. बोरकरांपासून सुरुवात केली तरी एक वर्ष पुरेल.

माझ्या संग्रहात एक फाईल आहे. कधी काळी रेडिओवरून कॅसेटवर घेतलेला पूरिया धनाश्री, पुरुष आवाज, एकवीस मिनिटे. निवेदक शेवटी नाव सांगणार इतक्यात टेप संपली आहे; ‘आत्ता आपण ऐकत होतात’ इथपर्यंतच तो पोचतो. कलाकाराच्या रकान्यात मी ‘अज्ञात’ लिहिले आहे, राग कानाने ओळखून भरला आहे. सायंकाळच्या यादीत तो नियमाने येतो, महिन्यातून एकदा तरी, आणि दर वेळी मी ते शेवटचे वाक्य पुन्हा ऐकतो.